हसलं की निघणारा फोटो

मागच्या आठवड्यात माझ्या मुलीचा नागपूरहून फोन आला. ती तिथे कॉलेजात आहे. तिच्या मैत्रिणींमध्ये म्हणे हल्ली जुने छोटे डिजिटल कॅमेरे घ्यायची टूम निघाली आहे. ज्यांच्या मोबाईलला तीन-तीन भिंगं आहेत त्या पोरी सेकंडहँड बाजारात मुठीएवढे कॅमेरे शोधत फिरतात, कारण त्यातला फोटो खरा वाटतो. हिने दोन कॅमेरे निवडून ठेवले होते आणि दोघांची तुलना करणारं पान मला पाठवलं होतं. वर म्हणाली, "बाबा, तुम्ही यातले उस्ताद. कोणता घेऊ?"

बघून सांगतो, म्हणालो. आठवडा झाला, अजून सांगितलं नाही. ते पान उघडतो, दोन रकाने दिसतात, आणि बंद करतो.

तुलना करण्यात मी उस्ताद आहे हे मात्र खोटं नाही. मी धानोऱ्याला शाळेत शिक्षक. कोणतीही वस्तू दहा जणांना विचारल्याशिवाय आणि वहीत दोन रकाने आखल्याशिवाय मी घेत नाही. माझी बायको म्हणते, तुम्ही वांगी आणायला गेलात की भाजी दुसऱ्या दिवशी होते. पंखा घेताना मी असं केलं, सायकल घेताना केलं. कधी नुकसान झालं नाही, म्हणून सवय गेली नाही. मग एकदा कॅमेरा घ्यायची वेळ आली. आयुष्यात मी तो एकच कॅमेरा घेतला आणि तो घेतला माझ्या मोठ्या बहिणीचा एक फोटो काढण्यासाठी. एकच फोटो हवा होता, तिचा हसतानाचा.

आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. बाई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई धानाच्या रोवणीला जायची तेव्हा मी बाईच्या कडेवर असायचो. त्यासाठी तिची शाळा सहावीत सुटली. पुढे लग्न होऊन ती चामोर्शीकडच्या एका गावात गेली, नवरा लवकर गेला, मुलगा कामासाठी हैदराबादकडे गेला, आणि ती धानाच्या दोन बांध्या, दोन बकऱ्या आणि विहारातल्या बायका एवढ्यात राहिली. तिच्याकडे मिरवण्यासारखं काही असेल तर ते तिचं हसणं. रोवणीत ती एका बांधीत हसली की पलीकडच्या बांधीतल्या बायका कंबर सरळ करून विचारायच्या, "का झालं वो?" आणि काय झालं ते कळायच्या आधीच त्याही हसायला लागायच्या. असं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आणि त्या हसण्याचा एकही फोटो कोणाकडे नव्हता. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ती एकदा सापडते, तीही वाढताना, पाठमोरी.

आधी तिला तिखट झोंबू लागलं. मग भाकरीचा घास तोंडात जाईना, म्हणून ती भात कालवून बारीक बारीक गोळ्या करून खाऊ लागली. विचारलं की म्हणायची, उष्णता झाली. शेवटी मीच तिला धरून गडचिरोलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने स्वतःची तीन बोटं उभी जुळवून दाखवली. म्हणाला, माणसाचं तोंड एवढं उघडलं पाहिजे. बाईच्या तोंडात एक बोट जात होतं, तेही आडवं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. नागपूरला तपासणी झाली, रिपोर्ट आला, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं की डावा जबडा काढावा लागेल. चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, याची तयारी ठेवा.

याला कारण खर्रा. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घालून पानठेल्यावर घासघासून एकजीव करतात, तो खर्रा. गडचिरोली आणि चंद्रपूर या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पाहुण्याला चहा उशिरा मिळाला तर चालतो, खर्रा आधी पुढे होतो. तो नाकारला तर समोरचा विचारतो, "काऊन, राग हाये का काही?" बायका रोवणीत गालात धरून ठेवतात, भूक लागत नाही म्हणून. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात मी बाईला पातळ घेतलं आणि वर दोन खर्ऱ्याच्या पुड्या. तिने पातळ बाजूला ठेवलं, पुडी सोडली, वास घेतला आणि म्हणाली, "आता खरा मास्तर झाला." त्यानंतर मी कधी तिच्याकडे रिकाम्या हाताने गेलो नाही. मी नेहमी ज्या पानठेल्यावरून पुडी घ्यायचो तिथे मला मागावीही लागायची नाही. मी दिसलो की ठेलेवाला म्हणायचा, "बाईकडे चालले का गुरुजी?" आणि घासायला घ्यायचा. शाळेत मी तंबाखूमुक्तीची शपथ द्यायचो, पोरांकडून फलक रंगवून घ्यायचो. आणि सांगायला लाज वाटते, पण गडचिरोलीच्या डॉक्टरने ती तीन बोटं दाखवल्यानंतरच्या रविवारीसुद्धा माझ्या खिशात पुडी होती. सवयीने घेतली होती. मी ती तिला दिली.

शेवट आधीच सांगून टाकतो, उगाच कोणी आशा धरून वाचू नये. ऑपरेशन झालं. त्यानंतर बाई अकरा महिने आमच्याकडे धानोऱ्याला होती, नाकातल्या नळीवर. बोलणं गेलं होतं. शेवटी दुखणं मानेत उतरलं आणि ती गेली. डॉक्टरांनी करायचं ते केलं. उशीर आमचाच होता.

पण मी सांगत होतो ते कॅमेऱ्याचं. नागपूरच्या डॉक्टरने तारीख दिली तेव्हा मध्ये बावीस दिवस होते. तेवढ्यात बाईला धान कापून घ्यायचं होतं आणि मला तिचा फोटो काढायचा होता. तेव्हाच्या माझ्या मोबाईलला कॅमेरा होता, पण त्यात काढलेला माणूस आणि विजेचा खांब सारखेच दिसायचे. गावात फोटो काढणारा होता, पण तो माणसाला खुर्चीवर बसवून हनुवटी वर करायला लावायचा. त्याच्यासमोर हसणं कोणालाच जमलं नसतं. म्हणून मी गडचिरोलीत एका दुकानात गेलो. दुकानदाराने काचेवर दोन छोटे कॅमेरे मांडले, एक चांदीच्या रंगाचा, एक लाल.

झालं, मी वही काढली. चांदीचा पेन्सिल सेलवर चालायचा. धानोऱ्याला वीज कधी जाईल याचा नेम नाही, सेल मात्र किराणा दुकानातही मिळतो. म्हणजे ही त्याची जमेची बाजू. त्याचा झूमही जास्त. पण एकदा फ्लॅश मारला की तो पुढच्या फोटोसाठी बराच वेळ दम खायचा. लाल कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी, ती चार्ज करायला लागायची, झूम कमी, पण पडदा मोठा आणि काम चटकन. मी दोन्ही हातात घेतले, वजन पाहिलं, दाराचा फोटो काढला, दुकानदाराच्या कॅलेंडरचा काढला, आणि "विचार करून येतो" म्हणून बसस्टँडवर आलो.

पुढचे दिवस मी काय केलं हे आठवलं की स्वतःला दोन लगावाव्याशा वाटतात. सायबर कॅफेत जाऊन दोन्ही कॅमेरे शेजारी शेजारी ठेवणारं पान शोधलं, ते छापून घेतलं. शाळेतल्या सगळ्यांना दाखवलं. एक म्हणाला चांदीचा घ्या, दुसरा म्हणाला दोन्ही सोडा, मोठा घ्या. चंद्रपूरला मीटिंग होती तर तिथल्या दोन दुकानांत जाऊन तेच कॅमेरे पुन्हा पाहिले. वहीतले रकाने वाढत गेले. पिक्सेल, वजन, कार्ड, अंधारात कसा चालतो, धूळ बसली तर काय. आता कळतं, कॅमेरा घ्यायचा नव्हताच मला. जोपर्यंत दोन्हींतला एक ठरत नव्हता तोपर्यंत फोटो काढायचा दिवस येत नव्हता, आणि तो आला नाही म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशीचा नागपूरचा प्रवासही येणार नव्हता. घर जळत असताना मी बादली पितळेची बरी की प्लास्टिकची, ते बघत बसलो होतो.

मधल्या एका रविवारी बाईकडे गेलो. ती बांधीत होती. तोंडाला पदर बांधून धान कापत होती. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून तिला वही वाचून दाखवली. तिने विळा थांबवला नाही.

"दोन्ही कॅमेरेच हाये ना?" तिने विचारलं. दात जुळवून बोलायची आता, शब्द चपटे होऊन यायचे.

"हो. पण फरक हाये त्याच्यात."

"फोटो कायले पाहिजे पण?"

"असाच. तुह्या एकटीचा एकही नाई."

"एकटीचा फोटो माणूस गेल्यावर लागते बाबू. भिंतीवर. असल्यावर कायले?"

मला राग आला. मी ओरडलोच तिच्यावर, "तू का आताच मरून राह्यली का?"

"मी कुठी तसं म्हटलं?" ती म्हणाली. "तूच ओरडून राह्यला." आणि पुढची मूठ धरून कापायला लागली. मी वही बंद केली. तिच्या बरोबरीने बसून कापावं एवढंही मला सुचलं नाही.

निवड झाली ती एका गोष्टीवरून. एकोणिसाव्या दिवशी मी पुन्हा गडचिरोलीच्या दुकानात उभा होतो. दुकानदार मला कंटाळला असणार, पण तसं दाखवलं नाही त्याने. लाल कॅमेरा हातात घेऊन म्हणाला, "गुरुजी, याची एक गंमत मी तुमाले सांगितलीच नाई. याले बटन दाबाची गरजच नाई. समोरचा हासला का फोटो आपोआप निघते." त्याने कॅमेरा काचेवर ठेवला, त्यात काही तरी फिरवलं, समोर वाकला आणि बत्तीशी दाखवली. कॅमेऱ्याने टक्क करून त्याचा फोटो काढला.

मी वहीही उघडली नाही. मला वाटलं, हेच तर हवं होतं. बाई फोटो म्हटलं की आखडते, तिचं हसणं येतं आणि जातं, आपला हात पोचेपर्यंत संपलेलं असतं. हा कॅमेरा टपून बसेल आणि नेमका तो क्षण पकडेल. एकोणीस दिवस रकाने भरले, त्यात एक रकाना घातला नाही: समोर कोण बसणार आहे, आणि तिचं तोंड किती उघडतं. दुकानातून बाहेर पडताना मला खरोखर आनंद झाला होता. त्या महिन्यातला तेवढाच.

नागपूरला निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तिच्या अंगणात होतो. नव्या धानाच्या तणसाची गंजी रचलेली होती, ऊन चांगलं होतं. बाई विहारात जायचं पांढरं पातळ नेसून बाहेर आली. मी म्हटलं, रंगीत नेस, फोटोत खुलून दिसशील. ती म्हणाली, "उद्या बुद्धाचं नाव घेऊनच निघाचं हाये, हेच राहू दे." मी तिला गंजीपुढे खाटेवर बसवलं. आधी साधे सहा फोटो काढले, बटण दाबून. सहाही सारखेच आले. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा रागावल्यासारखा. ज्या बाईने आयुष्यात कोणावर राग धरला नाही, ती त्या फोटोंत गावाशी भांडून आल्यासारखी दिसते.

मग मी ते हसण्याचं चालू केलं. कॅमेऱ्यावर एक नारिंगी दिवा लुकलुकू लागला. मी म्हटलं, "आता बटन नाई. तू हासली का फोटो."

"अशीच कशी हासू?"

म्हणून मी तिला घोरण्याची गोष्ट सांगितली. आमच्या घरची जुनी गोष्ट आहे. तिला बघायला पाहुणे आले होते, पोहे झाले, मुलीला काय काय येतं हे विचारून झालं, आणि सहा-सात वर्षांचा मी मध्येच म्हणालो, "आमची बाई लय घोरते, तुमाले झोप नाई येणार." ती गोष्ट निघाली की बाईला हसू आवरायचं नाही. त्या दिवशीही आवरलं नाही. खांदे हलायला लागले, डोळे मिटले, डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून हुं हुं असा आवाज येत राहिला. ती अगदी पहिल्यासारखी हसत होती. फक्त तोंड बंद होतं. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहिला आणि फोटो निघाला नाही.

मी पुन्हा सांगितली. पुन्हा ती हसली. मी जवळ गेलो, बाजूला गेलो. शेवटी कॅमेऱ्याच्या डब्यातलं पुस्तक काढलं. त्यात हसण्याच्या तीन पायऱ्या होत्या, थोडं, मध्यम आणि मोठं. मी थोडंवर आणून ठेवलं. तरी काही नाही.

"का झालं? बिघडली का मशीन?"

"नाई. ऊन कमी पडून राह्यलं," मी म्हणालो. अंगणात डोळे दिपतील एवढं ऊन होतं.

"पुस्तकात का लिहून हाये?"

इंग्रजी पुस्तक होतं, खोटं सांगता आलं असतं. तोंडातून खरंच निघालं. "दात दिसले पाहिजे म्हणते."

बाईने पातळाच्या पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मंग पयलेच सांगाचं ना." दोन्ही हातांची बोटं तिने ओठांच्या दोन कोपऱ्यांत घातली आणि ओढली. दुखलं असणार, कारण तिचे खांदे वर आले. लालकाळे दात दिसले आणि कॅमेऱ्याने टक्क केलं.

"निघला?"

मी मान हलवली. ती माझ्याजवळ आली आणि पडद्यात पाहिलं. मग तिने बोटांना लागलेली लाळ पाण्याने धुतली आणि हात पुढे केला. "आण इकडे. आता तुहा."

"माहा कायले?"

"बस तिथी."

मी खाटेवर बसलो. तिने कॅमेरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणला. पडदा दूर धरून बघायचं असतं, हे मी सांगितलं; तिने तसं केलं. दिवा लुकलुकायला लागला.

"हास."

मला हसता येईना. तिच्या मागे कापून मोकळी झालेली बांधी होती, आणि कॅमेऱ्याच्या वर तिचे फक्त डोळे दिसत होते. तेवढंच बघितलं तर ती माझी बाई होती, काहीच झालेलं नव्हतं. उद्या या वेळी आम्ही दवाखान्यात असणार होतो.

"हास ना रे," ती म्हणाली. "तुले का धाड भरली हासाले?"

माझे ओठ थरथरले, मी ते आवळून धरले, मग धरवले नाहीत. तोंड उघडलं, दात दिसले, आणि कॅमेऱ्याने टक्क केलं. मी रडत होतो.

बाईने पडदा डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. मग कॅमेरा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "साजरी हाये मशीन. ती दुसरी नाई घेतली, बरं केलं."